सातबारा नसलेल्यांच्या मरणाची नोंद कोण घेणार?

यवतमाळ जिल्ह्याला आत्महत्या नवीन नाहीत. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी 19 मार्च 1986 रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवले. तेव्हापासून या जिल्ह्याच्या नावाला जो शब्द चिकटला, तो आजतागायत सुटलेला नाही. मधल्या काळात समित्या आल्या, अभ्यासगट आले, दिल्ली-मुंबईचे पत्रकार आले. 2006 मध्ये पंतप्रधानांचा दौरा झाला आणि विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचे पॅकेज जाहीर झाले. त्यातले किती कोणाच्या पदरात पडले हा वेगळा विषय आहे. परंतु या सगळ्या धबडग्यात एक गोष्ट नक्की झाली. मरण मोजण्याची एक शासकीय यंत्रणा उभी राहिली.

ही यंत्रणा कशी चालते ते यवतमाळच्या माणसाला सांगायची गरज नाही. गावात आत्महत्या झाली की तलाठी अहवाल देतो, पोलिसांचा पंचनामा जोडला जातो, तहसीलदारामार्फत प्रकरण जिल्ह्याच्या समितीपुढे जाते आणि समिती त्या मरणावर शिक्का मारते : पात्र किंवा अपात्र. मृताच्या किंवा कुटुंबाच्या नावावर सातबारा होता काय, बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज होते काय, ते थकले होते काय, वसुलीचा तगादा होता काय. उत्तरे जुळली तर मरण पात्र, वारसांना एक लाख रुपये. जुळली नाहीत तर मरण अपात्र. माणूस मेला यात वाद नसतो. तो शासनाच्या नियमाप्रमाणे मेला की नाही एवढाच वाद असतो!

ज्याच्या नावावर सातबाराच नाही त्याचे काय, हा प्रश्न आपल्या चळवळीने आधीपासून विचारला आहे. दुसऱ्याच्या वावरात राबणारा भूमिहीन मजूर कर्जापायी गेला तर तो शेतकरी नाही. नवऱ्याच्या नावावर जमीन असलेली बाई आयुष्यभर निंदण-खुरपण करून गेली तर तीही बहुधा शेतकरी नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2021 च्या अहवालात देशभरातील 1,64,033 आत्महत्यांची नोंद आहे. त्यातले 42,004 जण रोजंदारी मजूर होते, म्हणजे चारांतला एक. त्यांच्यासाठी कोणते पॅकेज आले?

आता त्याच अहवालातला आणखी एक आकडा पाहा. 1,64,033 पैकी पुरुष 1,18,979, स्त्रिया 45,026 आणि तृतीयपंथी 28. अठ्ठावीस! साऱ्या भारतात, एका वर्षात.

या आकड्यावर थोडे थांबले पाहिजे. 2011 च्या जनगणनेत 'इतर' या रकान्यात देशात सुमारे 4 लाख 88 हजार आणि महाराष्ट्रात 40,891 माणसे नोंदली गेली. जनगणनेपुढे आपली ओळख सांगण्याची हिंमत सर्वांना झाली असेल असे कोणीच म्हणणार नाही. तरी तोच आकडा धरून भागाकार केला, तर तृतीयपंथीयांमध्ये आत्महत्येचे प्रमाण लाखामागे सहाच्याही आत येते. त्या वर्षी देशाची सरासरी लाखामागे बारा होती. म्हणजे सरकारी कागदानुसार या देशात सर्वांत सुखी आणि समाधानी समाज कोणता, तर तृतीयपंथीयांचा! ज्यांना घरातून हाकलले जाते, शाळेत मारले जाते, भाड्याने खोली मिळत नाही, सिग्नलवर टाळी वाजवल्याशिवाय पोट भरत नाही, ती माणसे इतरांच्या निम्म्याने आत्महत्या करतात, यावर कोणाचा विश्वास बसेल? तेव्हा आकडा माणसांविषयी काही सांगत नाही. तो नोंदीविषयी सांगतो.

नोंद कशी नाहीशी होते हे समजायला फार मोठ्या संशोधनाची गरज नाही. पंचनाम्यात नाव लिहिले जाते ते रेशनकार्डावरचे किंवा शाळेच्या दाखल्यावरचे. जिवंतपणी ज्यांनी दार लावून घेतले तेच नातेवाईक मृतदेह ताब्यात घ्यायला येतात आणि आईबापांनी ठेवलेल्या नावाने, पुरुष म्हणून, अंत्यविधी उरकतात. कारणाच्या रकान्यात 'कौटुंबिक कलह' किंवा 'आजारपण' एवढेच येते. मरणाऱ्याने आयुष्यभर ज्या नावासाठी मार खाल्ला ते नाव मेल्यावरही कागदावर येत नाही. शेतकऱ्याचे मरण अपात्र ठरते, पण निदान समितीपुढे जाते. इथे तर समितीपुढे जायला मरणच शिल्लक राहत नाही.

सर्वोच्च न्यायालयाला ही स्थिती माहीत नव्हती असे नाही. 15 एप्रिल 2014 रोजी, म्हणजे भीमजयंतीच्या दुसऱ्या दिवशी, नालसा खटल्याचा निकाल लागला. त्या निकालाची चर्चा मुख्यतः 'तिसरे लिंग' आणि मागासवर्ग म्हणून आरक्षण या दोन मुद्द्यांवर झाली, आणि आरक्षणाचे भिजत घोंगडे पुढे किती वर्षे पडून राहिले ते आपण पाहतोच. परंतु त्याच आदेशात न्यायालयाने केंद्र व राज्य सरकारांना आणखी एक गोष्ट बजावली होती. तृतीयपंथीयांना भेडसावणारी भीती, लाज, सामाजिक दडपण, नैराश्य आणि आत्महत्येची प्रवृत्ती यांकडे सरकारांनी गांभीर्याने लक्ष द्यावे. नैराश्य आणि आत्महत्या हे शब्द न्यायालयाने स्वतः वापरले होते.

त्यानंतर वर्षभरातच, 2015 मध्ये, महाराष्ट्र शासनाने विदर्भ-मराठवाड्यातील 14 आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. यवतमाळ त्यात होतेच. समुपदेशक नेमायचे, मानसोपचाराची औषधे द्यायची, 104 या क्रमांकावर फोनवरून सल्ला द्यायचा आणि आशा स्वयंसेविकांनी घरोघरी जाऊन झोप लागते का, जेवण जाते का, जगणे नकोसे वाटते का, असे विचारून ज्याला गरज आहे त्याला दवाखान्यापर्यंत आणायचे, अशी ही कल्पना. कल्पना चांगली होती, हे मान्य केले पाहिजे. खेड्यातल्या माणसाला मनाचाही दवाखाना असतो हे पहिल्यांदा अशा योजनांमुळे कळले. पगारासाठी वारंवार आंदोलन करावे लागणाऱ्या आशाताईंनी हे काम अंगावर घेतले, हे त्यांचे मोठेपण. पण योजनेच्या नावातच 'शेतकरी समुपदेशन' होते. न्यायालयाने ज्यांचे नाव घेऊन सांगितले होते ते त्यात कुठेच नव्हते.

कोणी म्हणेल, आशाताई तर सगळ्याच घरी जातात, तृतीयपंथीयांना कोण अडवले आहे? इथेच खरी मेख आहे. सर्वेक्षण घराचे होते. तृतीयपंथी व्यक्ती एकतर त्या घरात उरलेली नसते, चौदाव्या-पंधराव्या वर्षीच गाव सोडून यवतमाळ, नागपूर, अमरावतीच्या एखाद्या वस्तीत गुरूच्या आसऱ्याला गेलेली असते. किंवा मग ती घरातच असते, पण मुलगा म्हणून, तोंड शिवून. आशाताईंसमोर बाप बसलेला, भाऊ बसलेला. अशा वेळी 'जगणे नकोसे वाटते का' या प्रश्नाला 'हो' म्हटले, तर पुढचा प्रश्न 'का?' असा येणार, आणि त्याचे उत्तर त्या ओसरीत देता येत नाही. म्हणजे गेलेल्याला प्रश्न विचारलाच जात नाही आणि राहिलेल्याला उत्तर देता येत नाही.

आता रात्रीची वेळ धरा. आर्णी किंवा घाटंजी तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात अशा एखाद्या तरुणाने जिवाचे बरेवाईट करून घेतले आणि त्याला वेळेत उचलून यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, आपल्या बोलीत 'मेडिकल'मध्ये, आणले. डॉक्टर जीव वाचवण्याचा प्रयत्न करतील, यात शंका नाही. विषबाधेचे रुग्ण या रुग्णालयाने जितके पाहिले तितके फार थोड्या ठिकाणी पाहिले असतील. 2017 च्या फवारणी विषबाधेत तर वॉर्ड ओसंडून वाहत होते. पण जीव वाचल्यानंतर काय? केसपेपरवर नाव कोणते लिहायचे? खाट पुरुषांच्या वॉर्डात द्यायची की स्त्रियांच्या? सोबत आलेला गुरू किंवा मैत्रीण 'नातेवाईक' धरायची की नाही? जबाब घ्यायला आलेला पोलीस काय भाषेत बोलेल? पोटातले विष निघते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी रुग्ण सुटी घेऊन जातो, कुठे, तर ज्या घराने त्याला इथवर आणले त्याच घरी. आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेल्या माणसाला पुढचे काही आठवडे आणि महिने सर्वांत धोक्याचे असतात, हे मानसोपचाराचे पहिल्या वर्षाचे शिक्षण आहे. त्याच दिवसांत आपली व्यवस्था हात काढून घेते.

कायद्याने मात्र हात काढून घेता येत नाही, हे आपल्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे. आपल्याकडे अॅट्रॉसिटी कायद्याची कलमे कार्यकर्त्यांना तोंडपाठ असतात. या कायद्याकडे मात्र कोणी पाहिलेले नाही. त्याच्या 18 व्या कलमाने प्रत्येक माणसाला शासनाच्या खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे, आणि हा हक्क देताना लिंग, लैंगिक कल, धर्म, जात, वर्ग यांवरून भेदभाव करता येणार नाही असे म्हटले आहे. जात आणि लिंग एकाच वाक्यात! 115 व्या कलमानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असे गृहीत धरायचे आहे आणि त्याची काळजी, उपचार व पुनर्वसन ही शासनाची जबाबदारी आहे. जुन्या दंडविधानातले 309 कलम तर 1 जुलै 2024 पासून नव्या न्यायसंहितेत राहिलेच नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा उरला आहे. तरीही पोलिसांचे नाव काढून घरच्यांना आणि रुग्णाला घाबरवले जाते आणि पैसे उकळले जातात.

याच कायद्याचे 14 वे कलम तर तृतीयपंथीयांसाठीच लिहिले असावे असे वाटते. कोणतीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला 'नामनिर्देशित प्रतिनिधी' नेमू शकते. तो रक्ताचा नातेवाईक असलाच पाहिजे असे बंधन नाही. गुरू, मैत्रीण, शेजारी, कार्यकर्ता, कोणीही सज्ञान आणि ती जबाबदारी घ्यायला तयार असलेला माणूस चालतो. संकटाच्या वेळी डॉक्टरांनी उपचारासाठी त्याच्याशी बोलायचे आहे, ज्या बापाने मारून हाकलले त्याच्याशी नव्हे. मुद्रांक नको, वकील नको. या जिल्ह्यात असे किती कागद लिहिले गेले असतील? मला तर एकही ठाऊक नाही. जातीच्या दाखल्यासाठी, घरकुलासाठी आपले कार्यकर्ते शंभर अर्ज लिहून देतात. त्यांना हा एक कागद अवघड नाही.

त्या मानाने तृतीयपंथीयांसाठी म्हणून जो खास कायदा 2019 मध्ये संमत झाला आणि 10 जानेवारी 2020 पासून लागू झाला, तो या बाबतीत कोरडाच निघाला. त्याचे 15 वे कलम आरोग्याविषयीचे. त्यातली पहिलीच तरतूद एचआयव्ही तपासणी केंद्रांची! समुपदेशनाचा उल्लेख झाला तो लिंगबदल शस्त्रक्रिया आणि संप्रेरक उपचारांच्या आधी व नंतर करायच्या समुपदेशनापुरता. ज्याला शस्त्रक्रिया करायची नाही, किंवा करायची आहे पण पैसा नाही, आणि जो आज रात्री जगू की नको या विचारात पडला आहे, त्याच्यासाठी त्या कलमात वेगळा एक शब्द घातला गेला नाही. सरकारला हा समाज पहिल्यांदा दिसला तो एड्सच्या साथीत, रोग पसरवू शकणारा गट म्हणून. त्यांच्या रक्ताची काळजी वाटली, मनाची नाही. याला जुना इतिहास आहे. 1871 च्या ज्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले, त्याच कायद्याचा दुसरा भाग इंग्रजांनी तृतीयपंथीयांची नोंदवही ठेवण्यासाठी लिहिला होता. नोंद ठेवायची ती पाळतीसाठी, हा संस्कार तेव्हापासूनचा. जगवण्यासाठी नोंद ठेवायची वेळ आली की रकाना रिकामा.

दुसरीकडे 'बरे करून देतो' म्हणणाऱ्यांची वाण नाही. मुलगा साडी नेसतो, मुलीसारखा चालतो म्हटले की आधी भगताकडे नेतात, अंगारा-धुपारा होतो, भूत काढण्यासाठी मारहाण होते. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने ही मारहाण गुन्हा ठरवली आहे. भगताने झाले नाही की डॉक्टर, आणि डॉक्टरांतही भगत असतात. औषधाने, इंजेक्शनने किंवा लग्न लावून हे 'सुटते' असे सांगणारे पदवीधर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये स्वीकारलेल्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात तृतीयपंथी असणे मानसिक आजारांच्या यादीतून काढून टाकले आणि ते वर्गीकरण 2022 पासून अंमलात आले. आपल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगानेही 2022 मध्ये असे 'बदलून टाकण्याचे' उपचार हे डॉक्टरांचे गैरवर्तन ठरवले. तेव्हा हे लक्षात ठेवले पाहिजे की उपचाराची गरज आहे ती नैराश्याला, भीतीला, मार खाऊन पडलेल्या मनाला. तृतीयपंथी असण्याला नव्हे. हा फरक न कळणाऱ्या दवाखान्यात पाठवण्यापेक्षा न पाठवलेले बरे, असे त्या वस्तीतली माणसे म्हणत असतील तर त्यांना दोष देता येणार नाही.

आपल्या समाजाला हा विषय परका वाटतो. जयंतीच्या मिरवणुकीत चेष्टेने, आणि इतर वेळी मान फिरवून, आपणही तेच करतो जे गावाने आपल्याशी केले. अशा वेळी 1934 ची गोष्ट आठवावी. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, कारण त्यांनी वाचकांच्या लैंगिक शंकांना, त्यात समलिंगी संबंधांविषयीच्याही, उघड उत्तरे दिली होती. मुंबईतल्या त्या खटल्यात कर्व्यांचे वकीलपत्र घेतले ते बॅरिस्टर भीमराव आंबेडकरांनी. लोकांच्या मनातल्या शंकांना शास्त्रीय उत्तर देणे म्हणजे अश्लीलता नव्हे, अशी बाजू त्यांनी मांडली. खटला हरला, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. गोलमेज परिषदा आणि पुणे करार नुकतेच मागे पडले होते, हाताशी कामांचा डोंगर होता, आणि हा खटला घेऊन राजकीय फायदा तर काहीच नव्हता. तरी त्यांनी तो घेतला. आज याच परंपरेत दिशा पिंकी शेख यांनी 2019 मध्ये वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या म्हणून काम हाती घेतले आणि शमिभा पाटील यांनी 2024 मध्ये रावेरमधून त्याच पक्षातर्फे विधानसभा लढवली. व्यासपीठावर जागा झाली. गावातल्या विहारात आणि आपल्या घरात झाली का, हे ज्याने त्याने तपासावे.

यवतमाळपुरते बोलायचे तर नवे रुग्णालय बांधा, नवे महामंडळ काढा, अशी मागणी करण्याची गरज नाही. मनोरुग्णालय नागपूरला, दीडशे किलोमीटरवर. सोळा तालुक्यांचा हा जिल्हा, उमरखेडच्या माणसाला यवतमाळच शंभर किलोमीटर पडते. नागपूरच्या भिंतीआड कोणाला पाठवायचेही नाही. जे आहे त्याचे दार उघडायचे आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, मेडिकलमध्ये मानसोपचार विभाग आहे, पुसद, दारव्हा आणि पांढरकवड्याला उपजिल्हा रुग्णालये आहेत, आशाताई आहेत. 10 ऑक्टोबर 2022 पासून केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही फोनसेवा आहे. 14416 हा क्रमांक चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येते. हा क्रमांक तृतीयपंथीयांच्या प्रत्येक वस्तीत भिंतीवर लिहिला गेला पाहिजे आणि फोन उचलणाऱ्याला 'ताई म्हणू की दादा' हे विचारण्याचे वळण लावले पाहिजे. एवढे विचारले तरी समोरचा फोन ठेवत नाही.

अपघात विभागात येणाऱ्या रुग्णाला त्याने सांगितलेल्या नावाने हाक मारावी, खाट कुठे हवी ते त्यालाच विचारावे आणि समुपदेशकाची भेट झाल्याशिवाय सुटी देऊ नये, असा लेखी आदेश अधिष्ठाता एका दिवसात काढू शकतात. त्याला निधी लागत नाही. सुटीनंतर महिनाभर कोणीतरी फोन करून विचारपूस करावी. समुपदेशकांच्या जागा भरताना एक-दोन जागी त्याच समाजातली शिकलेली व्यक्ती घ्यावी. पोलीस भरतीचे दार 2022 मध्ये न्यायालयात भांडून उघडावे लागले, इथे तरी ती वेळ आणू नये. वस्तीतल्या गुरूंनाही विश्वासात घ्यावे लागेल. तिथेही कर्ज आहे, दंड आहे, चेल्यांची पिळवणूक आहे, त्यामुळे गुरू म्हणजे आईच असे समजण्याचे कारण नाही. पण रात्री दोन वाजता दार उघडणारी व्यक्ती आज तीच आहे.

आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे जी समिती बसते, पात्र-अपात्र ठरवणारी, तिच्यासमोर येणाऱ्या कागदांचा नमुना वर्षानुवर्षे तोच आहे. पोलीस आणि महसूल यांनी मिळून जिल्ह्यातल्या सर्वच आत्महत्यांची, शेतकऱ्याची, मजुराची, बाईची, तृतीयपंथीयाची, एकत्र यादी दरमहा काढावी. पंचनाम्यात मृताचे चालते नाव काय होते, तो कोणासोबत राहत होता, हे वस्तीतल्या माणसांना विचारून लिहावे. अशी यादी मागण्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. यवतमाळ, पुसद आणि वणीच्या कार्यकर्त्यांनी तो या महिन्यात टाकावा, आणि उत्तरात तृतीयपंथीयांच्या रकान्यात शून्य आले तर त्या शून्याचा खुलासा मागणारा दुसरा अर्ज तयार ठेवावा.